शाळेच्या पत्रात काय लिहावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले आणि आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या बाजूंनी आला आहे. शाळेत काय चाललंय, काय अडलंय हे घरच्यांना कधी आणि कोणत्या शब्दांत कळवायचं? विचारणाऱ्यांत मुख्याध्यापक आहेत तसे पालकही आहेत. त्यांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत जूनपासून मुख्याध्यापिका आहे. दर महिन्याला पालकांना एक पत्र पाठवायचं ठरवलं आहे. संस्थेचे पदाधिकारी म्हणतात, अडचणी लिहू नका, शाळेचं नाव खराब होतं. पहिलं पत्र तर निम्म्या पालकांनी उघडलंसुद्धा नाही. किती लिहू, काय लिहू, कसं पाठवू?

उत्तर : आधी पोचवण्याचं पाहू. तुम्ही व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलं असेल, तर निम्म्यांनी न उघडण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. ज्या पालकाने शाळेचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याच्यापर्यंत ब्रॉडकास्ट जातच नाही. एका लिस्टमध्ये २५६ नंबरच मावतात, म्हणजे पाचशे मुलांच्या शाळेला किमान दोन लिस्ट लागतात. पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं काढा आणि वर्गशिक्षिकेसमोरच प्रत्येकाला नंबर सेव्ह करायला लावा. ग्रुप हवाच असेल तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा. मात्र ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि काही आयांना ते नको असतं, हे लक्षात असू द्या.

लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्का मारून, त्याचा फोटो काढून पाठवण्याची आपल्याकडे फार हौस. मोबाइलवर तो फोटो मोठा करून वाचणं म्हणजे शिक्षाच. मजकूर साधा टाइप करून पाठवा. अक्षर मोठं करता येतं, फोनकडून वाचून घेता येतं, घरात हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या पालकाला भाषांतरही करून घेता येतं. वाचायची सवय नसलेल्यांसाठी तोच मजकूर तुमच्या आवाजात दीड मिनिटात रेकॉर्ड करून जोडा. मोबाइल नसलेल्या घरांसाठी छापील कागद द्या आणि खाली कापून परत द्यायची पोचपावती ठेवा. शुक्रवारी कागद गेला आणि बुधवारपर्यंत पावती आली नाही, तर वर्गशिक्षिकेने फोन करायचा. पाठवण्याची वेळ रात्री आठ-नऊची बरी. संध्याकाळी सहाला पाठवलेलं पत्र लोकलच्या गर्दीत उघडलं जातं आणि तिथेच विसरलं जातं.

आता मजकूर. तीनशे-साडेतीनशे शब्द पुरेत. पालकांनी काय करायचं ते सगळ्यात वर, तारखेसह लिहा. मग अडचण, मग महिन्याचं शाळेतलं जगणं, आणि बक्षिसं शेवटी. आपल्या बहुतेक शाळांची पत्रं नेमकी उलटी असतात. अर्धं पान ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’ आणि घटक चाचणीची तारीख तळाला. शाळेतलं जगणं म्हणजे समारंभ नव्हेत. वाचनपेटीतली पुस्तकं कोणत्या वर्गांत पोचली, पावसामुळे खेळाचा तास हॉलमध्ये घ्यावा लागतो तेव्हा मुलं काय करतात, पोषण आहारातलं मुलांना काय आवडतं आणि डब्यात काय उरतं, हे लिहा. आईला संध्याकाळी मुलाशी बोलायला त्यातून विषय मिळतो. ‘आज शाळेत काय झालं?’ याला ‘काही नाही’ हे उत्तर घरोघरी ठरलेलंच असतं.

अडचण लिहिताना काय झालं, कधीपासून, शाळेने काय केलं, पालकांनी काय करायचं आणि पुढची खबर कधी मिळेल, एवढं आलं पाहिजे. उदाहरणार्थ : ‘दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहात सोमवारपासून पाणी चढत नाही. पंपाची मोटर जळली आहे, दुरुस्तीला दिली आहे. तोवर मुलींनी तळमजल्यावरचं स्वच्छतागृह वापरायचं आहे. त्यासाठी मधली सुट्टी पाच मिनिटांनी वाढवली आहे. गर्दी टाळण्यासाठी मुली तासाला मधूनही जाऊ शकतात, बाई अडवणार नाहीत. पुढची माहिती शुक्रवारी.’ यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्वच्छतागृहाला जायचं टाळण्यासाठी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि ते घरी कळतं लघवीची जळजळ सुरू झाल्यावर. याच जागी ‘काही तांत्रिक कारणांमुळे गैरसोय होत आहे, सहकार्य करावे’ असं लिहिलंत, तर मुलगी घरी जाऊन खरं सांगणारच आहे आणि पुढची सगळी पत्रं संशयाने वाचली जातील.

पदाधिकाऱ्यांचं मन वळवायला एक कायदेशीर वाट आहे. अनुदानित शाळेत शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पत्राचा मसुदा आधी या समितीच्या दोन पालकांना वाचायला द्या. त्यांना न कळलेलं वाक्य बाकीच्यांनाही कळणार नाही, आणि समितीला माहीत असलेली गोष्ट ‘बाईंनी बाहेर फोडली’ असं नंतर कुणाला म्हणता येत नाही.

प्रश्न : कुर्ल्यात आमची दोन अधिवेशनांची शाळा आहे. जोराच्या पावसात सुट्टीची घोषणा उशिरा होते. तोवर सकाळची मुलं वर्गात असतात आणि दुपारची निम्म्या वाटेत. पालकांचे शेकडो फोन येतात. निरोपांची पद्धत कशी बसवावी?

उत्तर : मुंबईत पावसाची सुट्टी महापालिका आयुक्त जाहीर करतात आणि ती महापालिका हद्दीपुरती असते. ठाणे, नवी मुंबई, मिरा-भाईंदरचा निर्णय वेगळा. पालकांना हे जूनच्या पत्रातच सांगून टाका, नाहीतर ‘ठाण्यात सुट्टी, तुम्ही का नाही?’ हा फोन ठरलेला. ८ जुलै २०२४ ला पहाटे सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिमीहून जास्त पाऊस पडला. तेव्हा आधी पहिल्या सत्राची सुट्टी जाहीर झाली, पुढचं नंतर ठरलं. १८ ऑगस्ट २०२५ ला दुपारच्या अधिवेशनाची सुट्टी जाहीर झाली तेव्हा सकाळची मुलं शाळेत होती. हे पुन्हा होणार आहे असं धरूनच तयारी करायची.

रोज सकाळी दोन गोष्टी पाहायला एक माणूस नेमा. पहिली, हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग. ऑरेंज म्हणजे जोरदार ते अति जोरदार पावसाची तयारी ठेवा, रेड म्हणजे २४ तासांत २०४.४ मिमीपेक्षा जास्त पावसाची शक्यता. दुसरी, भरतीची वेळ. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी महापालिका पावसाळ्याआधीच देते, ती ऑफिसात भिंतीवर लावा. समुद्राची पातळी पर्जन्यवाहिन्यांच्या मुखापेक्षा वर गेली की पाणी उताराने जात नाही, जिथे पंपिंग स्टेशन आहे तिथेच ते उपसलं जातं. म्हणून तेवढाच पाऊस ओहोटीला पडला तर हिंदमाता-सायनसारख्या सखल भागांतलं पाणी लवकर उतरतं आणि भरतीला पडला तर तासन्‌तास तुंबतं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ती साडेबाराच्या आसपास येणारे दिवस दोन अधिवेशनांच्या शाळेला सर्वांत वाईट, कारण एक पाळी सुटते आणि दुसरी येते ती त्याच अर्ध्या तासात.

निरोपांच्या वेळा ठरलेल्या असल्या की फोन निम्मे होतात. सकाळी सहाला पहिला निरोप, साडेदहाला दुपारच्या अधिवेशनाबद्दल, त्यानंतर गरज असेल तर दर ४५ मिनिटांनी. सांगायला नवं काही नसलं तरी ‘स्थिती तशीच आहे’ हे पाठवायचं. शांत राहिलात की पालक निघतात, आणि गुडघाभर पाण्यातून निघालेली आई ही शाळेची नवी काळजी होते. मसुदे आधीच लिहून ठेवा :

‘दुपारचं अधिवेशन आज भरणार नाही. सकाळची सगळी मुलं शाळेत आहेत, वरच्या मजल्यावर बसवली आहेत. साडेबाराला ती एकटी सोडली जाणार नाहीत. तुमच्या रस्त्यावर पाणी असेल तर निघू नका, मुलांच्या खाण्याची सोय आहे. नेणाऱ्याने ओळखपत्र आणावं. बस सध्या शाळेतच उभ्या आहेत. पुढचा निरोप सव्वा वाजता.’

बसचं वाक्य कधीही गाळू नका. व्हॅनने जाणारी मुलं शाळेत आहेत की रस्त्यात, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. पाणी तुंबलेलं असताना बस सोडायची नाही, हा नियम बसमालकाशी जूनमध्येच परिवहन समितीच्या बैठकीत लेखी ठरवा. मुंबईत भर पावसात मुलांसकट बस अडकल्याचे प्रसंग घडलेले आहेत.

आता साठा. चारशे मुलं तीन-चार तास थांबतील असं धरलं, तर माणशी अर्धा लीटर पाणी म्हणजे २०० लीटर, अर्थात २० लीटरचे दहा जार. माणशी एक बिस्किटाचा पुडा, चार चांगल्या टॉर्च, दोन चार्ज केलेल्या पॉवर बँक, सॅनिटरी पॅड आणि छोट्या वर्गांसाठी बदलायचे थोडे कपडे. हे तळमजल्यावरच्या कोठीत ठेवू नका, पाणी पहिलं तिथेच शिरतं. मुलं सोपवताना वही हवी : मुलाचं नाव, वर्ग, नेणाऱ्याचं नाव, नातं, फोन, वेळ, सही. गडबडीत ‘शेजारचे काका’ मुलाला घेऊन जातात आणि मागून वडील येतात, तेव्हा ही वहीच कामाला येते.

एक गोष्ट पालकांना सहसा कुणी सांगत नाही. तुमचे निम्मे शिक्षक डोंबिवली, बदलापूर, विरारहून येतात. रुळांवर पाणी आलं की शाळा उघडी असूनही वर्गावर शिक्षक नसतात. ‘आज १८ पैकी ७ शिक्षक पोचले आहेत, वर्ग एकत्र बसवले आहेत’ असं सरळ लिहा. पालक समजून घेतात. न सांगता तीन वर्ग हॉलमध्ये बसवले की मात्र चिडतात. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर १९१६ प्रत्येक निरोपाच्या खाली असू द्या.

प्रश्न : माझा मुलगा मुलुंडला अनुदानित शाळेत सातवीत आहे. जूनपासून गणिताला शिक्षक नाहीत. शाळेच्या पत्रात दिंडी आहे, वृक्षारोपण आहे, याबद्दल अक्षर नाही. विचारलं तर ‘वरून मिळत नाही’ म्हणतात. हे खरं का? कुठे विचारावं?

उत्तर : अर्धं खरं आहे. अनुदानित शाळा रिकाम्या पदावर मनाने कायम शिक्षक नेमू शकत नाही. पद संचमान्यतेत (पटावरून शाळेला किती शिक्षक मिळतील याची सरकारी मंजुरी) मंजूर व्हावं लागतं आणि भरती ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलमार्फत होते, त्यात महिने जातात. संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि त्यात आधार जुळलेली मुलंच धरली जातात. मुंबईतल्या मराठी शाळांचा पट आधीच घसरतोय, त्यात पाच-दहा मुलांचं आधार ‘इनव्हॅलिड’ राहिलं की एखादं पद जाऊ शकतं.

मात्र सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी किमान एक शिक्षक असला पाहिजे, असं शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच आहे. त्यामुळे ‘मिळत नाही’ इथे विषय संपत नाही. मुख्याध्यापकांना लेखी तीन प्रश्न विचारा : पद मंजूर आहे का, रिक्त पदाची माहिती कोणत्या तारखेला कळवली, तोवर तास कोण घेतंय आणि आठवड्याला किती. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर शिक्षक घेणं, आठवीच्या गणिताच्या बाईंना दोन तास जोडून देणं, असे तात्पुरते मार्ग असतात. उत्तर आलं नाही तर विषय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्यानंतर तुमच्या विभागाचे शिक्षण निरीक्षक. मुंबईत उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशी त्यांची तीन कार्यालयं आहेत. अर्जाला इतिवृत्ताची प्रत जोडली की तो नुसत्या तक्रारीपेक्षा जास्त हलतो.

तुमच्या हातातलंही एक काम आहे. मुलाच्या आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि लिंग शाळेच्या जनरल रजिस्टरशी अक्षर न्‌ अक्षर जुळतं का, हे पाहा. आडनाव आधी-नंतर, वडिलांचं नाव गाळलेलं, जन्मतारीख सरसकट १ जानेवारी, या नेहमीच्या चुका. पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते, ती बऱ्याच जणांची राहून जाते. सप्टेंबर उजाडण्याआधी उरका.

मुख्याध्यापकांनाही सांगणं आहे. ‘गणिताचं पद रिक्त आहे, तोवर आठवड्याला सहाऐवजी चार तास होतील, राहिलेला भाग दिवाळीनंतर शनिवारी घेऊ’ ही तीन वाक्यं पत्रात असती, तर हा प्रश्न आमच्याकडे आलाच नसता.

प्रश्न : शिशुवर्गात दोन मुलांना हात-पाय-तोंडाचा आजार झाला आहे. पालकांना कळवायचं, पण घबराट नको आणि मुलांची नावंही फुटायला नकोत. — बालवाडी प्रमुख, गोरेगाव

उत्तर : त्याच दिवशी कळवा, त्या वर्गालाच कळवा, संख्या सांगा, नाव नको. ‘दोन दिवसांपासून गैरहजर असलेल्या मुलाला’ असंही लिहू नका, त्याने नाव सांगितल्यासारखंच होतं. लक्षणं लिहा : ताप, तोंडात फोड, तळहात-तळपायावर पुरळ. ताप उतरून फोड सुकेपर्यंत, साधारण आठवडाभर, मूल घरी ठेवायचं. या विषाणूवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं, हे आवर्जून लिहा, कारण प्रत्येक आई बाटली पाठवते. खेळणी आधी साबणाने धुवा. मग पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट एक लीटर पाण्यात २० मिली या प्रमाणात घालून त्यात दहा मिनिटं ठेवा, पुन्हा धुऊन वाळवा. द्रावण रोज ताजं करा.

कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, आणि नव्या केसेस तीन आठवड्यांपर्यंत निघू शकतात, हेही सांगा. डेंग्यूचं पत्र वेगळं. तो मुलाकडून मुलाला लागत नाही, तेव्हा बाकावरच्या शेजाऱ्याला घाबरवण्यापेक्षा शाळेने कुंड्यांच्या ताटल्या, गच्चीवरचं पाणी आणि टाकीचं झाकण तपासलं का, ते लिहा.

प्रश्न : पालकांच्या ग्रुपवर फिरतंय की आमच्या शाळेच्या व्हॅनमधल्या कर्मचाऱ्याने एका मुलीशी गैरवर्तन केलं. शाळेकडे तक्रार आलेली नाही. पालकांना काय कळवू? — मुख्याध्यापक, कांदिवली

उत्तर : पत्र नंतर. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा शंका असलेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘लेखी तक्रार आली नाही’ ही सबब चालत नाही. आधी चौकशी करून खात्री करू, मग पाहू, हा मोह टाळा. मुलीला बोलावून चार जणांसमोर विचारणं तर अजिबात नको. ग्रुपवरचे निरोप आहेत तसे जपून ठेवा, पोलिसांना कळवा, त्या माणसाला लगेच मुलांपासून दूर करा, व्हॅनमधल्या सगळ्या मुलांच्या घरी स्वतः फोन करा. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ आहे.

मग तीन-चार ओळींचं निवेदन : ‘शाळेच्या वाहतुकीबाबत एक गंभीर बाब समजली आहे. आज दुपारी पोलिसांना कळवलं आहे. संबंधित व्यक्तीला कामावरून दूर केलं आहे. मुलीची ओळख उघड होईल असं काहीही पुढे पाठवू नये, तो कायद्याने गुन्हा ठरू शकतो. कोणाला काही सांगायचं असेल तर थेट मुख्याध्यापकांना किंवा पोलिसांना सांगावं.’ इयत्ता, मार्ग, थांबा, काहीच लिहू नका. ‘आरोप निराधार आहेत’ हे तर मुळीच नको, ते ठरवणारे तुम्ही नाही. दुसऱ्या दिवशी पालकसभा घ्या आणि सखी सावित्री समितीचे, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणाऱ्या समितीचे सदस्य त्यांच्यासमोर उभे करा. ती समिती कागदावरच असेल, तर ते पालकांना त्याच सभेत कळेल.

प्रश्न : विनाअनुदानित शाळेने फीवाढीचं पत्र थेट एप्रिलमध्ये पाठवलं. चालतं का? फी थकलेल्यांची यादीही ग्रुपवर टाकली. — पालक, अंधेरी

उत्तर : फीचा प्रस्ताव शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो, असं महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात आहे. समितीतले पालक इच्छुकांमधून सोडत काढून घेतले जातात, मुख्याध्यापकांनी निवडून नव्हे. मंजूर झालेली फी दोन वर्षं टिकते. तेव्हा पत्राला उत्तर देताना समितीच्या बैठकीची तारीख आणि इतिवृत्त मागा. यादी टाकणं सरळ चूक आहे. थकबाकीचा निरोप त्या पालकालाच द्यायचा, आणि मुलाला वर्गात उभं करून तर कधीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मानसिक छळाला बंदी आहे.

प्रश्न : पत्रासोबत मुलांचे फोटो टाकावेत का? — शिक्षिका, गिरगाव

उत्तर : प्रवेशाच्या वेळी पालकांची लेखी संमती घ्या, आणि ‘शाळेचा ग्रुप’, ‘शाळेचं सार्वजनिक पान’ अशा दोन वेगळ्या चौकटी ठेवा. पुष्कळ पालक पहिलीला हो म्हणतात, दुसरीला नाही. फोटोखाली पूर्ण नाव नको. ओळखपत्र, दप्तरावरचं नाव, बस क्रमांक दिसत असेल तर तेवढा भाग कापा. नाही म्हणणाऱ्या मुलाला गटफोटोच्या वेळी बाजूला काढून उभं करू नका. त्याला फोटो काढायला द्या किंवा पाठमोरा घ्या.